सखल भागाचं गणित, उताराचं गणित

लेखमाला : पावसाचं शहर – लेखांक ६

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच २४ तासांत कुलाब्याला अवघा ७३, इथपर्यंत आपण मागच्या लेखांकात आलो होतो. एका शहराचा पाऊस एका आकड्यात सांगता येत नाही, हे त्या दिवसाने शिकवलं. त्यानंतर मुंबईभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसले आणि दर पंधरा मिनिटांनी आकडे येऊ लागले. आता पुढचा प्रश्न. जमिनीवर पोचलेलं पाणी कुठे जाईल, किती साचेल, काय पाडेल, हे आधी कसं सांगायचं?

सखल भागात पाणी साचतं. उतारावर ते मुरतं आणि कधी कधी उतारालाच सोबत घेऊन खाली येतं. पाऊस तोच असला तरी ही दोन गणितं वेगळी आहेत. पहिल्यात मुंबईने गेल्या वीस वर्षांत चांगली मजल मारली आहे. दुसरं फार मागे पडलं आहे, आणि ते मागे पडण्याची किंमत टेकड्यांवर राहणारे लोक देत आहेत. आजचा लेख मुख्यतः त्यासाठी आहे.

आधी पहिलं गणित. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एका हेक्टरवर तासात ५० मिलिमीटर पडला तर पाच लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे पन्नास टँकर एका तासात रिकामे केल्यासारखं. मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्यांचा हिशेब ताशी २५ मिलिमीटरचा होता, आणि त्यातलंही निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं धरलेलं होतं. १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ताशी ५० मिलिमीटर धरायला सांगितलं आणि मुरणारा भाग हिशेबातून काढूनच टाकला, कारण मुरायला उघडी जमीन उरली नव्हती. म्हणजे वाहिन्यांना वाहून न्यायचं पाणी दुप्पट नाही, चौपट झालं. २६ जुलैच्या दुपारी अडीच ते साडेसहा या चार तासांत सांताक्रूझला ४८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. सरासरी काढली तर ताशी १२०.

त्यात समुद्र. शहराचं पाणी समुद्रात आणि खाड्यांत सोडणारी १८६ पातमुखं आहेत. त्यांतली ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत, १३५ त्या पातळीच्या वर पण भरतीच्या पातळीखाली, आणि भरतीतही मोकळी राहतील अशी फक्त सहा. मोठी भरती आणि मोठा पाऊस एका वेळी आले की पाण्याला बाहेर पडायला वाटच नसते, उलट समुद्र आत यायला बघतो. म्हणून हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध अशी उदंचन केंद्रं बांधावी लागली. मुंबईच्या पुराचं कोणतंही मॉडेल भरतीच्या वेळापत्रकाशिवाय चालवलं तर त्याचं उत्तर वाचण्यालायक नसतं.

मॉडेल म्हणजे इथे काय? शहराच्या जमिनीचे छोटे छोटे चौकोन करायचे. प्रत्येकाची उंची, उतार, तिथे काँक्रीट आहे की माती, खालून कोणती वाहिनी जाते, किती रुंद, किती उताराची, हे सगळं भरायचं. मग पाऊस पाडायचा आणि प्रत्येक चौकोनात आत आलेलं पाणी, बाहेर गेलेलं पाणी आणि उरलेलं पाणी यांचा जमाखर्च मिनिटामिनिटाला ठेवायचा. यातलं भौतिकशास्त्र शंभर वर्षांहून जुनं आहे. अडतं ते माहितीपाशी. उपग्रहाने मोजलेली उंची दाट वस्तीत अनेकदा छपरांची असते, रस्त्याची नाही. एका मीटरची चूक म्हणजे कोरडा रस्ता आणि कमरेएवढं पाणी यांतला फरक. हिंदमातासारखा बशीच्या आकाराचा भाग त्या चुकीत नकाशावरून पुसलाच जातो. म्हणून विमानातून लेसर किरणांनी केलेलं जमिनीचं सर्वेक्षण लागतं. शिवाय कागदावरची वाहिनी स्वच्छ असते. प्रत्यक्षात तिच्यात गाळ असतो, आडव्या केबली असतात, मध्येच कुणीतरी अरुंद केलेलं तोंड असतं. नालेसफाई किती झाली हा आपल्याकडे दर जूनमध्ये रंगणारा वाद मॉडेलच्या दृष्टीने एक मोजण्याची राशी आहे: वाहिनीचा उरलेला छेद. तो आकडा खरा नसेल तर महागड्या संगणकावर चाललेलं गणितही खोटं ठरतं.

इतक्या अडचणी असूनही काम झालं. जून २०२० मध्ये केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालय आणि मुंबई महापालिका यांनी मिळून ‘आय-फ्लोज मुंबई’ ही प्रणाली सुरू केली. पावसाचा अंदाज, नद्या-नाल्यांचा प्रवाह, भरती आणि जमिनीची उंची एकत्र घेऊन कुठल्या वॉर्डात किती पाणी साचेल हे आधी सांगण्याचा तो प्रयत्न आहे. आयआयटी मुंबईतही अतिस्थानिक पावसाच्या अंदाजावर आणि पाणी साचण्याच्या सूचनांवर काम सुरू आहे. हिंदमातासाठी दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली साठवण टाक्या बांधल्या गेल्या. पाणी समुद्रात लगेच ढकलता येत नसेल तर भरती उतरेपर्यंत ते जवळच ठेवावं, हा विचार त्यामागे आहे. टाकी किती मोठी हवी, हे ‘असा पाऊस आला तर?’ असा प्रश्न गणिताला विचारल्याखेरीज ठरत नाही.

आता त्या ‘असा पाऊस’बद्दल. महाराष्ट्रात नदीकाठच्या गावांना निळी आणि लाल पूररेषा ठाऊक असतात: निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘शंभर वर्षांतून एकदा’ ऐकून लोक निर्धास्त होतात. खरा अर्थ असा की कोणत्याही एका वर्षी ती शक्यता एक टक्का आहे. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो पूर निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के होते. आणि हा हिशेब जुन्या नोंदींवरचा आहे, पाऊस पूर्वीसारखाच वागेल असं धरून केलेला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. मुंबईपुरता अभ्यास निकोला रेंजर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. उत्सर्जन जास्त राहिलं तर २०८० च्या दशकापर्यंत २००५ सारख्या घटनेची शक्यता दुपटीहून अधिक होऊ शकते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच अभ्यासातली दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. जलनिस्सारण सुधारलं तर शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं नुकसान ७० टक्क्यांपर्यंत कमी करता येईल, असंही त्यात म्हटलं होतं. धोका वाढतो आहे, आणि त्यातला मोठा वाटा आपल्या हातातला आहे.

आता टेकडीवर येऊ.

२६ जुलैची आठवण निघाली की डोळ्यांपुढे पाण्यात बुडालेल्या गाड्या येतात. पण त्या दिवशी साकीनाक्याजवळ खाडी क्रमांक ३ या वस्तीवर दरड कोसळली आणि एकाच ठिकाणी ७० च्या घरात माणसं गेली. त्याआधी पाच वर्षं, जुलै २००० मध्ये, घाटकोपरच्या आझादनगरात टेकडीचा भाग घरांवर आला. तिथेही बळींची संख्या तशीच. १८ जुलै २०२१ च्या मध्यरात्रीनंतर चेंबूरच्या वाशीनाका भागात भारतनगरमधल्या उतारावर भिंत घरांवर पडली, १९ जण गेले. विक्रोळीतही त्याच रात्री दरडीने जीव घेतले. पाण्यातून वाचायला बहुतेकदा काही तास मिळतात. माळ्यावर चढता येतं, शेजारच्या इमारतीत जाता येतं. दरड काही सेकंदांत येते, आणि बऱ्याचदा माणसं झोपेत असताना.

तिचं गणित कागदावर सोपं दिसतं. उतारावरच्या मातीला खाली ओढणारं बल आणि तिला धरून ठेवणारं बल यांचं गुणोत्तर काढायचं. धरून ठेवणारं बल जास्त असेल तोवर उतार उभा राहतो. पाऊस दोन्हीकडून काम करतो: मुरलेल्या पाण्याने मातीचं वजन वाढतं, आणि कणांमधल्या फटींत पाण्याचा दाब वाढून कणांची एकमेकांवरची पकड सुटते. मुंबईच्या टेकड्या बेसॉल्टच्या. वर झिजलेल्या खडकाची माती, खाली कठीण कातळ. पाणी मातीतून उतरतं, कातळावर अडतं आणि नेमकं त्या सांध्यावर दाब धरतं. त्यात पायथा कापून घरं बांधलेली, सांडपाण्याला नीट वाट नाही, पाण्याच्या नळ्या वर्षभर गळतात. म्हणजे उतार पावसाळ्याआधीच ओला असतो. संरक्षक भिंतीला पाणी निघायला भोकं ठेवली नाहीत, किंवा ती बुजली, तर तीच भिंत मागच्या पाण्याचं धरण बनते.

यातला प्रत्येक आकडा जागेवर जाऊन मोजावा लागतो. मातीचा थर किती खोल आहे, हे कुठल्याच उपग्रहाला दिसत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडप्रवणतेचे राष्ट्रीय नकाशे १:५०,००० या प्रमाणावर केले. मोठं आणि आवश्यक काम. पण या प्रमाणावर एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. शंभर मीटर रुंदीची वस्ती त्या नकाशावर दोन मिलिमीटरची होते. कोणत्या तालुक्यात लक्ष द्यायचं हे त्यावरून ठरेल. कोणत्या चाळीतली कोणती रांग हलवायची हे ठरणार नाही. आणि नकाशात किंवा यादीत नसणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हे, हे १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेलेल्या इर्शाळवाडीने दाखवलं. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

‘कुठे’ नंतर ‘केव्हा’. नेल केन यांनी १९८० मध्ये जगभरच्या ७३ घटनांवरून पावसाची एक उंबरठारेषा काढली: किती वेळ किती तीव्रतेने पाऊस पडला की दरडी सुरू होतात. त्या सूत्रात २४ तास घातले तर उत्तर येतं सुमारे १०३ मिलिमीटर. मुंबईत एका पावसाळ्यात असे दिवस अनेक येतात. जगाची रेषा इथे जशीच्या तशी लावली तर दर काही दिवसांनी इशारा वाजेल, काहीच होणार नाही, आणि ऑगस्टमध्ये खऱ्या इशाऱ्याला कुणी घर सोडणार नाही. रेषा इथलीच हवी. त्यासाठी इथे पडलेल्या प्रत्येक लहानमोठ्या दरडीची वेळ, जागा, आकार आणि आधीच्या दिवसांत मुरलेला पाऊस नोंदलेला हवा. ज्यात कुणी मेलं नाही अशीही दरड नोंदवायला हवी, किंबहुना तीच जास्त, कारण अशा घटना संख्येने खूप असतात आणि त्यांतूनच रेषा सापडते.

हे अशक्य नाही, याचा पुरावा हाँगकाँगमध्ये आहे. १८ जून १९७२ रोजी तिथे साउ माउ पिंग आणि पो शान रोड या दोन ठिकाणी दरडी कोसळून १३८ माणसं गेली. १९७६ मध्ये साउ माउ पिंगला पुन्हा तेच. १९७७ मध्ये केवळ उतारांसाठी सरकारी कार्यालय उभं राहिलं. आज तिथल्या मानवनिर्मित उतारांची, सुमारे ६० हजारांची, नोंदवही आहे. उतारावर क्रमांकाची पाटी असते आणि त्याची निगा कोणी राखायची हे त्या क्रमांकावरून कळतं. दरडींची चौकशी होते, त्यातून पावसाची रेषा सुधारते, आणि रेषा ओलांडली जाण्याची चिन्हं दिसली की शहरभर इशारा जातो. हाँगकाँग श्रीमंत आहे, आपल्याला ते कसं परवडणार, असं कुणी म्हणेल. भिंती बांधणं महाग आहे हे खरं. उताराला क्रमांक देणं, त्याचं माप घेणं, त्याच्या माथ्यावर पर्जन्यमापक बसवणं महाग नाही.

मग मुंबईत हे का झालं नाही? एक कारण गणितातच दडलेलं आहे असं मला वाटतं. धोका मोजताना तीन गोष्टींचा गुणाकार होतो: घटना घडण्याची शक्यता, तिच्या वाटेत काय आहे, आणि त्याचं किती नुकसान होईल. तिसरी गोष्ट रुपयांत मोजली की तळघरात गाड्या असलेली इमारत पत्र्याच्या पन्नास घरांवर मात करते, आणि पंपाचा पैसा तिच्याकडे जातो. आकडेमोडीत कुठेही चूक नसते. चूक माप निवडण्यात असते. जीव, बुडालेली मजुरी, वाहून गेलेली कागदपत्रं, शाळेतून सुटलेलं मूल हे वेगळ्या रकान्यात मांडलं तर त्याच नकाशावरचे रंग बदलतात. मुंबईच्या मार्च २०२२ च्या हवामान कृती आराखड्यात पूर आणि दरडी दोन्ही धोके म्हणून नोंदलेले आहेत, तेव्हा हा रकाना मागायला आता जागा आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर दरडीखालच्या घरांना नोटिसा जातात. घर रिकामं करा, नाहीतर जबाबदारी तुमची, असा त्यांचा आशय असतो. कुठे जायचं, किती दिवसांसाठी, कामाच्या जागेपासून किती लांब, मागे राहिलेल्या घराचा ताबा आणि कागद यांचं काय, हे त्यात नसतं. साहजिकच लोक जात नाहीत. मॉडेलचं शेवटचं पान अशी नोटीस असेल तर ते काम अर्धवट सोडलं आहे. त्या पानावर उताराचा क्रमांक हवा, त्याखालच्या रांगा हव्यात, किती तासांत किती पाऊस झाला की निघायचं तो आकडा हवा, रात्री एक वाजता दार ठोठावणारी माणसं त्याच वस्तीतली आणि आधी ठरलेली हवीत, आणि जवळच्या पालिका शाळेतली कोणती खोली कुणासाठी उघडी असेल हेही लिहिलेलं हवं. कायमच्या पुनर्वसनाची तारीखही त्याच पानावर हवी, कारण दर पावसाळ्यात शाळेत जाऊन झोपणं ही व्यवस्था एखाद-दोन वर्षांहून जास्त टिकत नाही.

(पुढील लेखांक : भरतीरेषा आणि चढता समुद्र)