अंशूला कपिल होता, बाकीच्यांचं काय?

क्रिकेटपटू अंशुमन (अंशू) गायकवाड ३१ जुलै २०२४ ला गेले. जालंधरचं द्विशतक, त्याची ६७१ मिनिटं सगळ्यांनी लिहून झाली. मला मात्र १९७६ च्या किंग्स्टन कसोटीचा धावफलक पुन्हा पाहावासा वाटला. हेल्मेटचा जमाना नव्हता. गायकवाड ८१ वर असताना वेस्ट इंडीजच्या होल्डिंगचा चेंडू कानावर बसला, कानाचा पडदा फाटला. विश्वनाथचं बोट मोडलं, ब्रिजेश पटेलचं तोंड फुटलं. कर्णधार बेदींनी ६ बाद ३०६ वर डाव सोडला. दुसऱ्या डावात पाच जण फलंदाजीला उतरलेच नाहीत, ९७ वर कारभार आटोपला. त्या अकरांत गावसकर, मोहिंदर, मदनलाल आणि वेंगसरकर होते. रक्ताच्या कर्करोगाने गायकवाडांना गाठल्यावर मदतीसाठी जे धावले, त्यांतही हे चौघे होतेच.

संदीप पाटील आणि वेंगसरकर लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये त्यांना भेटले आणि थेट क्रिकेट मंडळाचे तेव्हाचे खजिनदार आशीष शेलार यांना फोन लावला. कपिल देवने आपलं पेन्शन देऊ केलं. २०२२ च्या वाढीनंतरही माजी कसोटीपटूचं हे पेन्शन जास्तीत जास्त महिना ७० हजार. परदेशातल्या उपचारांपुढे ते किती पुरणार? मंडळाचे एक कोटी जाहीर झाले १४ जुलै २०२४ ला. त्याच्या दोनच आठवडे आधी टी-ट्वेंटी विश्वचषक विजेत्यांना १२५ कोटी जाहीर झाले होते. जिंकणाऱ्यांना द्यावेत, जरूर द्यावेत. एक कोटीही काही थोडे नाहीत. पण ते मिळाले कसे? जुन्या दोस्तांनी फोन केले, पेपरात लिहिलं, कपिल बोलला, मग सचिवांचा आदेश निघाला. कपिलचं म्हणणं असं, की आपल्याकडे यंत्रणाच नाही. कुणाला पैसे द्यायचे असले तरी पाठवायचे कुठे? एखादा ट्रस्ट हवा. अगदी बरोबर बोलला.

या पिढीची गोची जुनीच आहे. १९८३ ला विश्वविजेत्यांना बक्षीस द्यायला मंडळाकडे पैसे नव्हते. लताबाई मंगेशकर दिल्लीत गायल्या, तेव्हा प्रत्येकाच्या हाती लाखभर रुपये पडले. टीव्हीचा पैसा आला तोवर गायकवाडांची कारकीर्द संपलेली होती.

त्यातही गायकवाड मंडळाला अनोळखी नव्हते. भारतीय संघाचे ते प्रशिक्षक होते आणि २०१९ मध्ये कीर्ती आझादला हरवून मंडळाच्या शिखर परिषदेवर खेळाडूंचे प्रतिनिधी म्हणून निवडूनही आले होते. (मदतीसाठी धडपडणाऱ्यांत कीर्तीही होता, त्याचा मोठेपणा.) एवढ्या माणसासाठी ही धावपळ, तर पंधरा मोसम रणजी खेळलेल्या एखाद्या फिरकीपटूचं डायलिसिस सुरू झालं तर? त्याला प्रथम श्रेणीचं पेन्शन मिळत असेल, तर २०२२ पासून १५ चे ३० हजार झाले. त्याचे जुने सहकारीही तेवढ्यावरच. खजिनदारांचा नंबर त्यांच्यातल्या किती जणांकडे असेल?