सहा हात

सरपंचावरच्या अविश्वासाची नोटीस मुळशी तालुक्यातल्या पौडला तहसीलदारांकडे पोचली, की ग्रामपंचायत सदस्य घरी सापडत नाहीत. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "देवदर्शनाला गेलेत." कुठल्या देवाला, ते कुणी सांगत नाही. तहसीलदारांना सात दिवसांत विशेष सभा बोलवावी लागते, त्यामुळे यात्राही तेवढीच चालते.

मुळशीतल्या अशा एका सभेच्या वेळी मी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून होतो. २०२१ च्या जानेवारीत निवडून आलेली नऊ सदस्यांची बॉडी. नोटिशीला तीन सह्या पुरत होत्या, पण सरपंच पाडायला सहा हात लागणार होते. सहाही जण एकाच गाडीतून उतरले. फोन कुणाच्याच हातात नाही. ते सगळे ड्रायव्हरशेजारी एका कापडी पिशवीत. तहसीलदारांनी हजेरी घेतली, ठराव वाचला, सरपंचांना काही बोलायचंय का विचारलं. "अडीच वर्षांचं ठरलं होतं, मान्य. पण मंजूर झालेला रस्ता तरी होऊ द्या म्हणत होतो," ते म्हणाले. सहा हात वर झाले. उरलेल्या काळाचे सव्वा-सव्वा वर्षाचे वाटे गाडीतच पडले होते, असं नंतर कानावर आलं.

२०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली म्हणून गावं फुटली, असं शहरातल्यांना वाटतं. ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढलीच जात नाही. लढतात पॅनेलं; आणि पॅनेल म्हणजे दोन भावक्या, एखादी वाडी नि कुणीतरी नाराज. पक्षांतरबंदी जिल्हा परिषदेला आहे, पंचायत समितीला आहे, इथे नाही. पॅनेल सोडलं तरी सदस्यत्व शाबूत. वरच्या फुटीमुळे नाराजाला जाऊन बसायला आणखी एक ओसरी मिळाली, इतकंच.

या पाडापाडीवर उपाय म्हणून सरकारने २०१७ साली सरपंच थेट जनतेतून आणला, २०२० मध्ये ते रद्द केलं, २०२२ मध्ये पुन्हा आणलं. थेट सरपंचाला हटवायला तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेचं गुप्त मतदान. खुर्ची पक्की झाली खरी. पण सरपंच एका पॅनेलचा, बहुमत नि उपसरपंच दुसऱ्याचे, असं झालं की भांडण मासिक सभेत येतं. धनादेशाला सरपंचाची सही हवी, खर्चाला सभेची मंजुरी. कुणीही कुणाला अडवावं. मला तर जुनी पाडापाडी बरी वाटते, निदान कुणीतरी एक जण निकाल लावायचा. आता पाण्याची मोटर जळाली तरी दुरुस्तीचं बिल सभेमागून सभा पडून राहतं. धरण उशाला नि कोरड घशाला, ते असं. आणि तेवढ्या दिवसांत टँकर आधी कुठल्या वाडीत शिरला, त्यावरून पुढचं पॅनेल जमतं.