स्तनकर्करोग : निदानानंतरची वाटचाल
लेखांक पाचवा : उपचार कोठे घ्यावेत?

बायोप्सीच्या अहवालातील संज्ञांचा अर्थ आपण गेल्या लेखांकात पाहिला. तो अहवाल हाती पडताच घरात जो पहिला प्रश्न उपस्थित होतो, तो बहुधा औषधाचा नसून ठिकाणाचा असतो : रुग्णास मुंबईस न्यावे, जिल्ह्याच्या गावी दाखवावे, की ज्या शल्यविशारदाने गाठ तपासली त्याच्याच इस्पितळात शस्त्रक्रिया उरकून घ्यावी? माझे प्रतिपादन असे की, एकच इस्पितळ निवडावयाचे आहे ही समजूतच मुळात सदोष असून, उपचाराचा कोणता भाग कोठे घ्यावा या स्वरूपात हा प्रश्न मांडला म्हणजे त्याचा उलगडा पुष्कळसा सुकर होतो.

शस्त्रक्रिया बहुधा एकदाच होते, आणि थोड्याच दिवसांत रुग्ण घरी परतू शकते. केमोथेरपीचे डोस दोन किंवा तीन आठवड्यांच्या अंतराने कित्येक महिने चालतात. किरणोपचारासाठी सामान्यतः आठवड्यातून पाच दिवस, याप्रमाणे सलग तीन ते पाच आठवडे यंत्रापाशी हजर राहावे लागते. गाठ ‘हर-टू पॉझिटिव्ह’ असल्यास ट्रास्टुझुमॅबची इंजेक्शने बहुधा वर्षभर चालतात. संप्रेरकांना प्रतिसाद देणारी असल्यास गोळी पाच ते दहा वर्षे रोज घ्यावी लागते. गोळी घरी बसून घेता येते. किरणोपचाराचे यंत्र मात्र प्रत्येक तालुक्यास नसते.

तेव्हा दूरच्या प्रवासाची यातायात सोसावयाची असेल, तर ती उपचाराच्या आराखड्यासाठी सोसावी, आणि तीही शस्त्रक्रियेपूर्वी. कर्करोगाचा शल्यविशारद, केमोथेरपीचा तज्ज्ञ आणि किरणोपचाराचा तज्ज्ञ यांनी एकत्र बसून विचार करणे आवश्यक असते; कारण कित्येक रुग्णांत केमोथेरपी आधी देऊन गाठ लहान करणे आणि मग शस्त्रक्रिया करणे हाच क्रम इष्ट ठरतो, व घाईने गाठ काढून टाकल्यास ती संधी पुन्हा येत नाही.

ठिकाणाचा परिणाम केवळ सोयीवर होतो असे नाही, तो शरीरावरही होतो. मिलान येथे उंबेर्तो वेरोनेसी यांनी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी केलेल्या अभ्यासांचे वीस वर्षांचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले, आणि प्रारंभिक अवस्थेत केवळ गाठ काढून किरणोपचार दिले काय अथवा संपूर्ण स्तन काढला काय, आयुर्मानात फरक पडत नाही, हे त्यांतून सिद्ध झाले. परंतु स्तन राखावयाचा तर नंतरचे किरणोपचार बहुतेक रुग्णांत अपरिहार्य असतात. साहजिकच जेथे यंत्र आवाक्यात नाही, तेथे संपूर्ण स्तन काढण्याचा सल्ला अधिक सहजतेने दिला जातो, आणि वैद्यकीय कारण नसताना एखाद्या स्त्रीला केवळ पत्त्यापायी आपला अवयव गमवावा लागतो.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर, परळचे टाटा स्मारक रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी टाटा विश्वस्तनिधीने सुरू केले आणि 1962 पासून ते अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत आहे. तेथे फाइल काढण्यापासून तारखा मिळेपर्यंत गर्दीला तोंड द्यावे लागते, ही वस्तुस्थिती कोणी नाकारीत नाही. तथापि बार्शी, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि कोल्हापूर येथेही कर्करोगाची स्वतंत्र इस्पितळे आहेत. 2012 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने देशभरच्या केंद्रांसाठी उपचारांची समान मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आहेत. म्हणून मोठ्या केंद्रात ठरलेला आराखडा घेऊन केमोथेरपी घराजवळ घेणे ही तडजोड नसून कित्येकदा तीच शहाणपणाची व्यवस्था असते. मुंबईतच मुक्काम करणे भाग पडले, तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांच्याकडे निवाऱ्याची चौकशी करावी.

खर्चाची तजवीज ठिकाण ठरविण्यापूर्वीच पाहिली पाहिजे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ अंगीकृत रुग्णालयातच मिळतो. तेव्हा दाखल होण्याआधी शिधापत्रिका व ओळखीचा दाखला घेऊन तेथील आरोग्यमित्रास भेटावे, आणि शस्त्रक्रियेबरोबर केमोथेरपी व किरणोपचारही त्याच ठिकाणी योजनेत बसतात किंवा नाही, याचा स्पष्ट खुलासा करून घ्यावा.

डॉक्टरांनी विशेष निकड सांगितली नसेल, तर चौकशीत गेलेल्या दोन-तीन आठवड्यांनी सहसा अपाय होत नाही. महिनोन्‌महिने दवडल्याने मात्र होतो. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे म्हणजे पहिल्याचा अवमान, ही भीडही सोडली पाहिजे. बायोप्सीचा अहवाल, काचेच्या स्लाइड, मेणातील ब्लॉक आणि मॅमोग्राफीच्या फिल्म ही सारी सामग्री मागून घ्यावी, आणि प्रत्येक कागदाची एक प्रत घरी ठेवावी.

वाचकांस एवढीच विनंती की, शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : माझ्या उपचाराचा विचार तिन्ही तज्ज्ञांनी मिळून केला आहे काय? माझा स्तन राखता येईल काय, आणि नसल्यास कोणत्या कारणास्तव? किरणोपचार कोठे होतील? ज्या ठिकाणी यांची सरळ उत्तरे मिळत नाहीत, तेथे सही करू नये.

(पुढील लेखांकात : केमोथेरपीच्या काळातील आहार व दक्षता.)