डॉक्टरांनीच औषध द्यावं का? गोष्ट एका पुडीची



"बाई, जेवल्यावर हिला यातली पांढरी गोळी द्या," असं म्हणत आई कागदाची पुडी आपल्या हातात ठेवते. अंबरनाथच्या बुवापाड्यासारख्या वस्तीत शिकवणाऱ्यांना हे नवीन नाही. पुडीत तीन रंगांच्या सुट्या गोळ्या, नाव एकीवरही नाही. उद्या मुलीच्या अंगावर पुरळ उठलं, तर दुसऱ्या डॉक्टरांना काय सांगणार? "पांढरी होती"?

तपासणाऱ्यानेच औषध द्यावं का, हा वाद जुना आहे. आपल्याकडे नाडी बघणारे वैद्यच मात्रा उगाळून द्यायचे. युरोपात मात्र तेराव्या शतकातच सम्राट दुसरा फ्रेडरिक याने ही दोन कामं कायद्याने वेगळी केली. गोळी विकून पैसे मिळत असतील तर जास्त गोळ्या लिहिण्याचा मोह होतो, हे त्यामागचं साधं कारण. शिवाय मेडिकलवाला चिठ्ठी वाचतो तेव्हा डोस दुसऱ्यांदा तपासला जातो. दक्षिण कोरियाने २००० साली हीच फारकत केली, तर तिथले डॉक्टर संपावर गेले!

आपल्या कायद्याने मधला मार्ग धरलाय. १९४५ च्या औषध नियमांतल्या 'के' परिशिष्टानुसार नोंदणीकृत डॉक्टर स्वतःच्या पेशंटला औषध देऊ शकतात. फक्त दुकान थाटायचं नाही. चेन्नईच्या एका डॉक्टरांकडे थोडी मलमं आणि लोशनं सापडली म्हणून खटला भरला होता. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला.

पण त्याच परिशिष्टात अटीही आहेत, त्या कुणी सांगत नाही. औषध परवानाधारकाकडूनच घ्यायचं आणि खरेदीची नोंद ठेवायची. अँटिबायोटिकसारखं 'एच' परिशिष्टातलं औषध असेल, तर त्यावर डॉक्टरांचं नाव-पत्ता आणि डोस लिहायचा. औषधाचं नाव, पेशंटचं नाव, तारीख हे सगळं रजिस्टरमध्ये. म्हणजे अशा औषधाची कोरी पुडी कायद्यालाही मान्य नाही.

सरसकट बंदी मला पटत नाही. मेडिकल लांब आहे असं बुवापाड्यात कुणी म्हणणार नाही; प्रश्न पैशांचा आहे. दवाखान्यात तपासणी आणि दोन दिवसांच्या गोळ्या एकाच फीमध्ये होतात, मेडिकलमध्ये बऱ्याचदा अख्खी पट्टी घ्यावी लागते. रोजंदारीवरच्या घराला हा फरक जाणवतो. पुडी राहू दे, पण नावासकट.

मी आता नाव नसलेली गोळी वर्गात देत नाही. पहिल्यांदा एका आईला परत पाठवलं तेव्हा ती वैतागली, साहजिकच. "डॉक्टर रागावतील ओ बाई," म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुडी आली, वर निळ्या पेनाने लिहिलेलं: पॅरासिटामॉल, अर्धी, जेवल्यावर. डॉक्टर रागावले नव्हते. आधी कुणी विचारलंच नव्हतं म्हणे.