लोटलीच्या घरातले मारिओ

कुलाबा कॉजवेवरच्या कॅफे माँडेगारमध्ये पहिल्यांदा आलेला माणूस मेन्यूकार्ड हातात घेतो खरा, पण त्याची नजर भिंतीवरच खिळलेली असते. छताला भिडलेली माणसंच माणसं. कुणी गप्पांत रंगलंय, कुणी ग्लासात डोकं घातलंय, कुणाचे डोळे पेंगुळलेत, कुणाचे फुटबॉलएवढे वटारलेत. शेजारच्या टेबलावर चहा पीत बसलेल्या काकांसारखा एखादा चेहरा त्या गर्दीत हमखास सापडतो. मग बोट दाखवलं जातं, कुजबुज होते आणि सगळं टेबल हसायला लागतं.

या भिंती मारिओ मिरांडा यांच्या. त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे हसू रोज नव्याने फुटतं.

११ डिसेंबर २०११ हा रविवार होता. दक्षिण गोव्यातल्या लोटली गावी, पिढीजात घरात, मारिओंनी झोपेतच शेवटचा श्वास घेतला. वय ८५. कंपवाताने त्यांचा हात थरथरू लागला होता. ज्या हाताने गोव्याची घरं, चर्चं, बाजार, ताव्हेर्न म्हणजे दारूचे गुत्ते आणि बँडवाले कागदावर नांदते ठेवले, तोच हात. जन्माने कॅथलिक असूनही त्यांच्या इच्छेप्रमाणे मडगावच्या पाजीफोंड इथे त्यांना अग्नी देण्यात आला. पुढच्याच महिन्यात प्रजासत्ताक दिनाच्या यादीत पद्मविभूषण जाहीर झालं. पद्मश्री १९८८ मध्ये आणि पद्मभूषण २००२ मध्ये मिळालेलं होतं. तिसरा सन्मान घ्यायला मात्र ते उरले नव्हते. तो त्यांच्या हयातीत मिळायला हवा होता.

मारिओंना व्यंगचित्रकार म्हणून सगळा देश ओळखतो. पण त्यांच्या विनोदाचं मूळ वृत्तपत्राच्या कचेरीत सापडत नाही. ते घरात आहे.

२ मे १९२६ ला दमणमध्ये त्यांचा जन्म झाला. मिरांडा घराणं लोटलीचं. धर्मांतरापूर्वीचं त्यांचं आडनाव सरदेसाई, असं घराण्याचा इतिहास सांगतो. छोट्या मारिओला भिंतींवर रेघोट्या मारायचा नाद होता. आईने धपाटा घालण्याऐवजी त्याला एक कोरी वही आणून दिली. तो तिला डायरी म्हणू लागला. घराघरांत भिंती रंगवणाऱ्या मुलांचं काय होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या माउलीने वही आणली नसती, तर आज गोव्याकडे स्वतःच्या एका अख्ख्या काळाचं चित्र नसतं.

कारण या डायऱ्या पुढे रोजच्या झाल्या. त्या दिवशी जे घडलं ते चित्रात, खाली चार ओळी. कोण जेवायला आलं, कोण नाचताना धडपडलं, चर्चच्या फेस्ताला कुणी कोणते कपडे घातले, प्रवचनात कोण घोरलं. १९४९, १९५० आणि १९५१ या तीन वर्षांच्या डायऱ्या पुढे पुस्तकरूपाने आल्या. मारिओ तेव्हा तेवीस ते पंचवीस वर्षांचे होते. कॉलेजचं शिक्षण झालेलं, पुढचा रस्ता ठरलेला नाही. अशा वयात दुसरा मुलगा वहीत स्वतःची दुःखं लिहितो. मारिओंच्या वहीत शेजारीपाजारी आहेत, नातेवाईक आहेत, पाद्री आहेत, कुत्री आहेत. शाळेत पाद्र्यांची चित्रं काढल्याबद्दल त्यांनी बोलणीही खाल्ली होती.

यात एक गोष्ट नीट बघायला हवी. ज्यांची चित्रं काढली, ती माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा समोर येणार होती. त्याच रस्त्यावर, त्याच जेवणाच्या टेबलावर. अशा माणसांना ओरबाडून चालत नाही. त्यांची फजिती त्यांनाही हसू येईल अशीच रंगवावी लागते. घरातल्या, गावातल्या माणसांवर हसण्याची ही रीत मारिओंच्या हाताला इतकी बसली, की पुढे मुंबईतल्या पुढाऱ्यावर हसतानाही ती सुटली नाही. राजकीय व्यंगचित्रांत त्यांचा जीव फारसा रमला नाही, याचं कारणही बहुधा हेच.

मुंबईत सेंट झेवियर्समधून इतिहास घेऊन ते पदवीधर झाले. वास्तुकलेचा अभ्यास सुरू केला आणि लवकरच सोडला. चित्रकलेचं रीतसर शिक्षण कधी घेतलंच नाही. पोस्टकार्डांवर चित्रं काढून चार पैसे मिळवले, जाहिरात कंपनीत नोकरी केली, 'करंट' साप्ताहिकात संधी मिळाली आणि मग टाइम्स समूहाची दारं उघडली. मधल्या काळात गुलबेंकियन प्रतिष्ठानाच्या शिष्यवृत्तीवर पोर्तुगाल आणि त्यानंतर लंडन झालं. परत आल्यावर 'इलस्ट्रेटेड वीकली'सारख्या नियतकालिकांतून त्यांची पात्रं घरोघर पोचली: ठिपक्याठिपक्यांच्या फ्रॉकमधली सेक्रेटरी मिस फोन्सेका, सिनेमातली मिस निंबूपानी, नावातच सगळं आलेला मंत्री बंडलदास आणि कचेरीतला कारकून गोडबोले. हा गोडबोले मराठी वाचकाने आपल्या लोकलच्या डब्यात शंभरदा पाहिलेला आहे.

मारिओंची गर्दी कशी घडते, हे कळायला एखादं चित्र पाच मिनिटं समोर ठेवावं. काळी शाई, बारीक टाकाची रेघ. छायाप्रकाशाचा खेळ जवळजवळ नाहीच, त्यामुळे मागचा माणूस पुढच्याइतकाच स्पष्ट दिसतो. चित्राला नायक नाही. नजर मध्यावर थांबत नाही, ती भटकत राहते: बाल्कनीतल्या म्हातारीवरून पावाची टोपली घेऊन निघालेल्या पोदेराकडे, तिथून शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडकीत उभ्या पोरीकडे. प्रत्येकाचं नाक वेगळं, पोट वेगळं, भुवई वेगळी. आणि कुठेतरी पायांत घोटाळणारा एक कुत्रा. गर्दीत एकही माणूस भरतीचा नाही, हे या चित्रकाराचं सगळ्यात मोठं सौजन्य.

प्रत्यक्षात हा माणूस बुजरा आणि मितभाषी. पत्नी हबीबा हैदराबादच्या, मुस्लिम घराण्यातल्या आणि स्वतः कलावंत. कुलाब्याच्या घरात दोन मुलगे वाढले, शिवाय कुत्री होतीच. नव्वदच्या दशकात मुंबईचा गलका मागे ठेवून हे कुटुंब लोटलीच्या सुमारे तीनशे वर्षांच्या घरात परतलं. मारिओंचं अखेरपर्यंतचं आयुष्य तिथेच गेलं.

हेच घर हिंदी सिनेमाच्या रसिकांनीही पाहिलं आहे. श्याम बेनेगल यांच्या 'त्रिकाल' (१९८५) या चित्रपटाचं चित्रीकरण इथे झालं. काळ १९६१ चा, पोर्तुगीज सत्तेचे अखेरचे दिवस. घरचा कर्ता पुरुष एर्नेस्तो गेला आहे आणि त्याची विधवा, लीला नायडूंची दोना मारिया, हे मान्यच करायला तयार नाही. नवऱ्याशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून ती प्लँचेट मांडते. पण बोलावलेला नवरा येतच नाही. येतो तो कुष्टोबा राणे, या घराण्याने ज्याच्यावर अन्याय केला तो बंडखोर.

पडद्यावरच्या त्या म्हातारीला जे साधलं नाही, ते या घराच्या खऱ्या मालकाने टाकाच्या टोकाने साधलं होतं. १९५१ च्या डायरीतलं कुठलंही पान उघडा. त्यातली बहुतेक माणसं आता हयात नाहीत. पण ती नाचतात, भांडतात, चर्चमध्ये डुलक्या काढतात. त्यांना बोलवावं लागत नाही. गेलेल्या माणसाची आठवण काढताना घरातले लोक फोटोला हार घालतात, गुणगान करतात आणि मग कुणीतरी हळूच त्याचा एखादा वेंधळेपणा सांगतं. त्या क्षणी तो माणूस खरा परत येतो. मारिओंनी आयुष्यभर दुसऱ्यांचे असे क्षण टिपून ठेवले.

म्हणून त्यांची आठवण ठेवणाऱ्यांनीही तीच वाट धरली, हे फार चांगलं झालं. वास्तुविशारद जेरार्ड डा कुन्हा यांनी ठिकठिकाणी विखुरलेली चित्रं गोळा केली, डायऱ्या छापल्या, मारिओ गॅलरी उभी केली. मारिओंच्या नव्वदाव्या जन्मदिनी, २ मे २०१६ ला, गूगलने मुखपृष्ठावर त्यांच्या शैलीतली गर्दी झळकवली. गोव्यात आज कपांवर, टाइल्सवर, पिशव्यांवर त्यांची चित्रं दिसतात. त्यातलं सगळंच त्यांच्या रेषेच्या तोलाचं असतं असं नाही. मूळ रेघ बघितली की हा फरक लगेच डोळ्यांत भरतो.

तेव्हा गोव्याला जाल, तर एक सकाळ किनाऱ्यावरून काढून पर्वरीजवळच्या तोर्ड्याला द्या. तिथल्या मारिओ गॅलरीत मुलांना घेऊन जा. डायऱ्यांची पुस्तकं मिळाली तर सावकाश चाळा, भरभर उलटू नका. आणि प्रत्येक चित्राचा खालचा कोपरा नक्की बघा. कुत्रा बहुधा तिथेच बसलेला असतो.