मिनिटाला 240 शब्द

‘हिज गर्ल फ्रायडे’चा विषय निघाला की कुणीतरी त्यातल्या संवादांच्या वेगाचा तो आकडा काढतंच: मिनिटाला 240 शब्द. जिल्ह्याच्या बातम्या फोनवरून उतरवून घेण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. 240 शब्द बोलेल कुणीही, पण उतरवणाऱ्याने करायचं काय? त्याच कुतूहलाने हॉवर्ड हॉक्सचा हा 1940चा चित्रपट लावला.

फौजदारी कोर्टातली पत्रकारांची खोली. पत्ते, धूर आणि फोनच फोन. मूळ नाटक बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थर यांचं. दोघांनीही शिकागोत वार्ताहरकी केलेली. नाटकातला वार्ताहर हिल्डी जॉन्सन पुरुष, हॉक्सने त्याला बाई केलं आणि वर संपादकाची घटस्फोटित बायको. दोघं एकदम बोलली तरी मुद्दा बुडू नये म्हणून वाक्यांच्या आगेमागे बिनकामाचे शब्द पेरलेत. चलाख काम!

फाशीची शिक्षा झालेला, तुरुंगातून पळालेला अर्ल विल्यम्स याच खोलीतल्या टेबलात दडलेला सापडतो. अंगात त्राण नसतं बिचाऱ्याच्या. समोर उभा वार्ताहर फोनवर सांगतो, बेशुद्ध होता. दुसरा सांगतो, जबर झटापट झाली. हे मात्र मला नवं नव्हतं.

मी पुन्हा पुन्हा लावतो तो प्रसंग त्याआधीचा. पहारेकऱ्यासमोर नोट पाडून ‘ही तुमचीच ना?’ असं विचारत हिल्डी आत शिरते. कोठडीत मात्र हिल्डी झालेली रोझलिंड रसेल आवाज एकदम खाली आणते. 240 शब्द गेले कुठल्या कुठे. ती सिगारेट देते. तो घेतो आणि मग सांगतो, मी ओढत नाही. बागेतल्या भाषणांत काय ऐकलंस, असं ती मायेने विचारते. वस्तू वापरासाठी बनवायची, असं काहीसं त्याला आठवतं. मग बंदूक कशासाठी, हेही तीच सुचवते. झाली बातमी! माणूस वाचवणारी असेल, पण शब्द त्याच्या तोंडात घातले हिने. फोनवरच्या थापांपेक्षा मला ही माया जास्त धोक्याची वाटते. आणि हेवाही वाटतो.

टाइपरायटरवरचा त्या मुलाखतीचा मजकूर वाचून बाकीचे पत्रकार गारच होतात. पुढे संपादक वॉल्टरने हिल्डीच्या होणाऱ्या नवऱ्याला कोठडीत अडकवलं म्हणून ती फोनवर वॉल्टरशी भांडते आणि भांडताभांडता मजकुराच्या चिंध्या करते. एवढी बेतून घेतलेली मुलाखत छापून येतच नाही. थोड्याच वेळात गोळ्यांचे आवाज येतात, कैदी पळालेला असतो, आणि हिल्डी रस्त्यात तुरुंगाच्या माणसावर झडप घालून त्याला लोळवते. त्याच्याकडची हकीकत तिला सगळ्यांच्या आधी हवी असते.