जागा धरून खेळणारी माणसं

 १८ ऑक्टोबर २०२४ रोजी शार्लट्सव्हिलमध्ये टोनी बेनेट यांनी पत्रकारांना बोलावलं आणि दाटल्या गळ्याने सांगितलं की, आताच्या परिस्थितीत या संघासाठी मी योग्य प्रशिक्षक राहिलेलो नाही. वय ५५. करार २०३०पर्यंतचा, तोही जूनमध्येच वाढवलेला. मोसमाचा पहिला सामना तीन आठवड्यांवर आलेला. व्हर्जिनिया विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ ज्याने पंधरा वर्षं घडवला, तो माणूस उठून गेला. इथे रिचमंडमध्ये मी ओट्यापाशी उभी राहून ते ऐकत होते. गॅस बंद केला आणि खाली बसले.

नंतर लोक वाट्टेल ते बोलले. ऐन वेळी पळाला, पोरांना वाऱ्यावर सोडलं, बदलत्या काळाशी जुळवून घेता आलं नाही. वर्षभर मी ऐकून घेतलं. आता माझं म्हणणं मांडते.

मी नागपूरच्या सिमेंटच्या कोर्टवर वाढलेली गार्ड. उंच मुली बास्केटखाली उभ्या राहायच्या. चेंडू तिथपर्यंत न्यायचा, कुणाला कधी द्यायचा ते ठरवायचं आणि चुकलं की बोलणी खायची, हे गार्डचं काम. म्हणून टोनी बेनेट मला आधी गार्ड म्हणून आवडले, प्रशिक्षक म्हणून नंतर.

विस्कॉन्सिन राज्यातलं हे घर बास्केटबॉलचंच. वडील डिक बेनेट प्रशिक्षक, बहीण कॅथीही पुढे प्रशिक्षक झाली. ग्रीन बे इथल्या विद्यापीठात १९८८ ते १९९२ अशी चार वर्षं टोनी वडिलांच्याच हाताखाली खेळले. डावखुरे आणि या खेळाच्या मानाने बुटके. १९९२ मध्ये सहा फुटांच्या आतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्यांना मिळाला. एकूण गुण २,२८५. तीन गुणांच्या रेषेबाहेरून मारलेल्या चेंडूंपैकी ४९.७ टक्के आत. अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमधला हा विक्रम तीस वर्षं उलटली तरी उभा आहे. १९९१ मध्ये ग्रीन बे पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धेत पोचलं आणि मिशिगन स्टेटने शेवटच्या क्षणी बास्केट करून त्यांना ६०-५८ असं हरवलं. वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात. डिक बेनेट यांनी मुलापासून काहीच राखून ठेवलं नाही, हरणंसुद्धा शिकवलं.

पुढची वर्षं मी भराभर उलटते. एनबीएमध्ये शार्लट हॉर्नेट्सकडून तीन मोसम, पायाची दुखापत, मग न्यूझीलंडमध्ये खेळणं आणि शिकवणं. थांबते ती १९९९-२००० च्या मोसमापाशी. एनबीए खेळून आलेला हा माणूस विस्कॉन्सिन विद्यापीठात वडिलांच्या संघाचा बिनपगारी मॅनेजर झाला. त्या वर्षी तो संघ देशातल्या शेवटच्या चारांत पोचला. पुढच्या मोसमाचे तीन सामने झाले आणि डिक बेनेट यांनी अचानक काम सोडलं. आतून रिकामे झाले होते. २०२४ मध्ये ज्यांना मुलाचं जाणं कोड्यासारखं वाटलं, ते वडिलांचं जाणं विसरले होते.

काही काळाने डिक परतले, वॉशिंग्टन स्टेटमध्ये, आणि २००६ मध्ये तिथला संघ त्यांनी टोनींच्या हाती दिला. पहिल्याच मोसमात २६ विजय आणि वर्षातल्या सर्वोत्तम प्रशिक्षकाचा मान. २००९ मध्ये टोनी व्हर्जिनियात आले. त्याच वर्षी मी नवऱ्याच्या नोकरीपायी रिचमंडला आले. म्हणून ही पंधरा वर्षं माझीही आहेत.

टोनींच्या संघाचा बचाव मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला कबड्डी आठवली. वडिलांनी शोधलेल्या या पद्धतीत एकच खेळाडू चेंडूवाल्याच्या अंगावर जातो. बाकीचे चौघे बास्केटपासून साधारण सोळा फुटांवरच्या एका कल्पित रेषेच्या आत दाटीने उभे राहतात. चढाईपटू आत घुसला की साखळी मिटावी तशी ती दाटी मिटते. यात कुणीही एकटा मोठा होत नाही. शेजारच्याने जागा सोडली की आपणही उघडे पडतो. ही समज एका उन्हाळ्यात येत नाही. पहिलं वर्ष चुकण्यात जातं, दुसरं चुका ओळखण्यात. तिसऱ्या वर्षी पाय आपोआप जागेवर पडतात.

या खेळाला इथे कंटाळवाणा म्हणत. टीव्हीवर, वर्तमानपत्रांत, शेजारच्या अंगणात. इतका संथ की बघवत नाही, हे मी दहा वर्षं ऐकलं. मला त्याचं नवल वाटायचं. मुंबईच्या क्रिकेटला आपण पिढ्यान्‌पिढ्या खडूस म्हणत आलो आणि त्या शब्दात आदर भरलेला असतो. विकेट फेकायची नाही, समोरच्याला फुकट काही द्यायचं नाही. बेनेट यांचा संघ तसा खडूस होता. २०१४ मध्ये या संघाने आपल्या विभागाची, म्हणजे एसीसीची, स्पर्धा जिंकली. याआधीचं विजेतेपद १९७६ चं. माल्कम ब्रॉग्डन पाच वर्षं थांबला, पदव्युत्तर पदवी घेऊन गेला आणि एनबीएच्या पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला. मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत मात्र घाव बसतच राहिले. २०१४ आणि २०१५ मध्ये पुन्हा मिशिगन स्टेट. २०१६ मध्ये सिरॅक्युजविरुद्ध १५ गुणांची आघाडी घालवून पराभव.

आणि मग १६ मार्च २०१८. शुक्रवार होता, रविवारी पाडवा. त्या वर्षी व्हर्जिनिया देशातला अव्वल संघ होता आणि सलामीला समोर होतं यूएमबीसी, बाल्टिमोरजवळचं छोटं विद्यापीठ. स्पर्धेच्या चार विभागांत प्रत्येकी १६ मानांकनं असतात आणि पहिला सोळाव्याशी खेळतो. अशा १३५ लढती पुरुषांच्या स्पर्धेत झाल्या होत्या. १३५ वेळा पहिलाच जिंकला होता. त्या रात्री मध्यंतराला २१-२१ झाले आणि नंतर धरणच फुटलं. ७४-५४. द'आंद्रे हंटर मनगट मोडून बसलेला होता, पण ती सबब बेनेट यांनी पुढे केली नाही. समोरच्यांचं मनापासून कौतुक केलं आणि पराभव अंगावर घेतला. माझा अकरा वर्षांचा लेक सोफ्यावर तोंड लपवून रडत होता. "आई, आता हे सगळे दुसरीकडे जातील का गं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही रे, पुढच्या वर्षी हेच परत खेळतील. तेव्हा असं छातीठोकपणे सांगता येत होतं.

आणि ते परत खेळले. हंटरला एनबीएची दारं उघडी होती, तरी तो थांबला. टाय जेरोम थांबला, काइल गाय थांबला. त्या पराभवानंतरचा स्वतःचा खचलेला फोटो गायने डोळ्यांसमोर ठेवला. २०१९ च्या सलामीला गार्डनर-वेबने पहिल्या सत्रात १४ गुणांची आघाडी घेतली, तेव्हा घरात कुणी बोलेना. यावेळी पोरं मोडली नाहीत. पर्ड्यूविरुद्ध तर सामना गेलाच होता. जेरोमचा फ्री थ्रो चुकला, ममादी डियाकिटेने चेंडू मागे ढकलला आणि तो थेट आपल्याच अर्ध्यात गेला. छोटा गार्ड कीहाय क्लार्क मागे धावला, चेंडू उचलला, स्वतः न मारता लांबवर डियाकिटेच्या हातात दिला आणि बझरबरोबर चेंडू जाळीत पडला. पहिल्या वर्षाचं पोर ते. मी गार्ड आहे म्हणून सांगते, त्या क्षणी स्वतः न मारणं यासाठी काळीज लागतं. जादा वेळेत ८०-७५.

उपांत्य सामना ६ एप्रिलला, त्या वर्षीच्या पाडव्याला. सकाळी गुढी उभारली, संध्याकाळी ऑबर्न. शेवटच्या क्षणांत जेरोमची एक चूक पंचांच्या नजरेतून सुटली, हे मी झाकणार नाही. ०.६ सेकंद उरले असताना दोन गुणांनी मागे आणि गायच्या वाट्याला तीन फ्री थ्रो. तिन्ही आत. ६३-६२. दोन दिवसांनी मिनिआपोलिसला टेक्सस टेकविरुद्ध हंटरने २७ गुण केले, जादा वेळेत ८५-७७, आणि विद्यापीठाचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. त्यानंतर बेनेट यांनी पगारवाढ नाकारली आणि पाच लाख डॉलर खेळाडूंच्या पुढच्या आयुष्याची तयारी करून घेणाऱ्या उपक्रमाला दिले.

पुढची पाच वर्षं उताराची. राष्ट्रीय स्पर्धेत एकही विजय नाही. २०२३ मध्ये फरमनविरुद्ध एका गुणाने हरले, आणि शेवटचा चुकलेला पास त्याच क्लार्कचा, पाच वर्षं थांबलेल्या क्लार्कचा. पद्धतीची धार गेली होती, हे मान्य करते. पण का गेली, ते बोलायला हवं. २०२१ मध्ये खेळाडूंना आपल्या नावाचे आणि चेहऱ्याचे पैसे घेण्याची मुभा मिळाली. ते योग्यच झालं. पोरांच्या घामावर विद्यापीठांनी अमाप पैसा मिळवला होता आणि खेळाडूंना वाटा मिळायला हवा, असं जातानाही बेनेट म्हणाले. घात झाला तो दुसरीकडे. त्याच वर्षी एकदा, आणि २०२४ पासून कितीही वेळा, एक दिवसही बाहेर न बसता विद्यापीठ बदलण्याची सोय झाली. आता दर वसंतात अर्धा देश बाजारात उभा असतो. तिसऱ्या वर्षी ज्याचे पाय जागेवर पडायचे, तो दुसऱ्या वर्षी दुसऱ्याच गावी असतो.

याची चव मला नागपुरातच कळली होती. आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या तोंडावर आमच्या कॉलेजने बाहेरच्या तयार मुलींना नावापुरता प्रवेश दिला. तीन वर्षं पहाटे कोर्ट झाडून खेळलेल्या आम्ही बाकावर बसलो. चषक आला. त्या वर्षीचा एकही सामना मला आठवत नाही. त्या मुलींचा मला राग नव्हता आणि नाही. राग होता तो तीन वर्षांना काडीची किंमत न देणाऱ्यांचा.

बेनेट यांच्यानंतरचा पहिला मोसम १५ विजय, १७ पराभव असा गेला. मार्च २०२५ मध्ये नवे प्रशिक्षक नेमले गेले: रायन ओडम. २०१८ च्या त्या रात्री यूएमबीसीचे प्रशिक्षक हेच होते. सज्जन आणि हुशार माणूस. त्यांचे वडीलही कधीकाळी इथेच साहाय्यक होते. माझं त्यांच्याशी काही वाकडं नाही. पण त्यांचा पहिला संघ जवळजवळ पूर्ण नवा होता, आणि अशी नावं लेकाला पाठ होईपर्यंत त्यातली किती इथे उरणार?

व्हर्जिनियात बेनेट यांचे बरोबर ५०० सामने झाले, ३६४ विजय आणि १३६ पराभव. लोक विजय मोजतात. मला त्या १३६ मधला एकच मोजावासा वाटतो. त्या रात्री आजचे नियम असते तर पाडव्याच्या आतच फोन खणखणले असते, पोरं पांगली असती आणि ती इतिहासात फक्त हरलेली म्हणून उरली असती. ती परत त्याच कोर्टवर उतरू शकली. पैसे द्या, भरपूर द्या. पण हरलेल्या मुलांना एकमेकांसोबत आणखी एक वर्ष मिळेल, एवढी सोय ठेवा.